फॉर्म ५ मधला आकडा खरा कसा काढावा: कोकणातल्या रासायनिक कारखान्यांसाठी

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की तारापूरपासून लोट्यापर्यंतच्या कारखान्यांत एकच खटाटोप सुरू होतो: फॉर्म ५, म्हणजे वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र, भरण्याचा. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, तारखा आणि उत्पादनाचा आकडा बदलायचा, प्रदूषकांचे आकडे तसेच ठेवायचे किंवा थोडे खालीवर करायचे, आणि ३० तारखेच्या आत पोर्टलवर चढवून मोकळं व्हायचं. असा फॉर्म वेळेत जातो, पण त्यातला आकडा कुठून आला हे पुढच्या महिन्यात खुद्द भरणाऱ्यालाही सांगता येत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. वर्षभराच्या नोंदी नसतील तर सप्टेंबरमध्ये कितीही हुशार सल्लागार बसवा, त्याच्या हाती अंदाजच लागणार.

हा लेख कारखान्यातल्या पर्यावरण विभागाच्या माणसासाठी, ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) सांभाळणाऱ्या केमिस्टसाठी आणि शेवटी सही करणाऱ्या मालक किंवा व्यवस्थापकासाठी आहे. कायद्याचा इतिहास यात नाही. कामाचा क्रम, हिशेब आणि नेहमी होणाऱ्या चुका एवढंच आहे.

कोणता कागद काय मागतो

तीन कागद लक्षात ठेवा, कारण तिघांतले आकडे एकमेकांशी जुळावे लागतात.

फॉर्म ५ म्हणजे पर्यावरण विवरणपत्र. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या नियम १४ प्रमाणे ते दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायचं असतं. त्यात ३१ मार्चला संपलेल्या आर्थिक वर्षाची माहिती असते. भाग ‘ब’ पाणी आणि कच्च्या मालाचा, भाग ‘क’ पाण्यात आणि हवेत सोडलेल्या प्रदूषकांचा, भाग ‘ड’ धोकादायक कचऱ्याचा. फॉर्म ४ हे धोकादायक कचऱ्याचं वार्षिक विवरण आहे. ते २०१६ च्या नियमांप्रमाणे ३० जूनपर्यंत जातं. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पांना याशिवाय १ जून आणि १ डिसेंबरला सहामाही अनुपालन अहवाल द्यावा लागतो. मंजुरीच्या अटींत बहुधा फॉर्म ५ कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवण्याची अटही असते. म्हणजे तुमचा आकडा मंडळाच्या कपाटात पडून राहत नाही. तो गावकरी, मच्छीमार सोसायटी, वकील, पत्रकार असा कोणीही वाचू शकतो.

टप्पा १: एप्रिलमध्येच कागद एकत्र करा

मार्च संपला की पहिल्या पंधरवड्यात एक फोल्डर तयार करा आणि त्यात मूळ नोंदी टाका. गोषवारा किंवा मासिक अहवाल नको, मूळ नोंद हवी:

- मंडळाने कारखाना चालवायला दिलेलं चालू संमतीपत्र, दुरुस्त्यांसह. कोणते घटक नोंदवायचे आणि त्यांची मर्यादा काय, हे तिथूनच ठरतं.
- एमआयडीसीची पाण्याची बिलं, टँकरच्या पावत्या, बोअरवेलच्या मीटरची नोंद.
- ईटीपीचं लॉगबुक, इनलेट आणि आउटलेटच्या फ्लो मीटरचे टोटलायझर (एकूण प्रवाहाचे) वाचन.
- प्रयोगशाळेचे सगळे अहवाल, मर्यादेबाहेर गेलेलेही.
- स्टोअर्सचं स्टॉक रजिस्टर आणि ३१ मार्चच्या साठ्याची प्रत्यक्ष मोजणी.
- बॅच रेकॉर्डवरून काढलेली यादी: कोणत्या महिन्यात कोणतं उत्पादन किती.
- बॉयलर आणि जनरेटरचे चालू तास.
- धोकादायक कचऱ्याचं फॉर्म ३ रजिस्टर आणि फॉर्म १० चे मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा पाठवताना सोबत जाणारा वाहतुकीचा कागद.

लोटे, महाड आणि धाटावमधले बरेचसे कारखाने बॅच पद्धतीचे आहेत. एप्रिल ते जून एक इंटरमिजिएट (पुढचं रसायन बनवायला लागणारं मधलं रसायन), दिवाळीनंतर दुसरं. सांडपाणीही त्याबरोबर बदलतं. म्हणून ती उत्पादनाची यादी सगळ्यात आधी मिळवा, कारण पुढचे बहुतेक हिशेब तिच्याशी ताडून पाहावे लागतात.

इशारा: संमतीपत्र वर्षाच्या मध्ये बदललं असेल तर दोन्ही पत्रं लागतील. जुन्या मर्यादेशी वर्षभराची तुलना करून ठेवणं ही फार नेहमीची चूक आहे.

टप्पा २: पाण्याचा ताळा आधी जुळवा

सांडपाण्यातल्या प्रदूषकांचं वजन काढायला प्रवाह लागतो, आणि प्रवाहाचा आकडा चुकला तर पुढचं सगळं चुकतं. म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालांना हात लावण्याआधी पाणी जुळवा.

समजा, दिवसाला सरासरी १२० घनमीटर पाणी आत येतं. कूलिंग टॉवरमधून ३५ उडून जातं, बॉयलरला १० लागतं, घरगुती वापर ८, उत्पादनाबरोबर २ बाहेर जातं. मग ईटीपीकडे ६५ च्या आसपास यायला हवं. आउटलेटचं मीटर ४० दाखवत असेल तर तीनच शक्यता उरतात: मीटर चुकतंय, पाणी कुठेतरी गळतंय, किंवा ते ईटीपीला न जाता दुसरीकडे जातंय. तिन्ही गोष्टी फॉर्म भरण्याआधी शोधायच्या आहेत.

मीटरवर शंका असेल तर साधी चाचणी करा. कलेक्शन टँकचं माप घ्या, इनलेट बंद ठेवून पंप चालवा, ठरावीक वेळात पातळी किती उतरली ते पाहा, घनमीटर काढा आणि टोटलायझरशी ताडा. अर्ध्या तासाचं काम आहे. कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र भिंतीवर असलं तरी करा. प्रमाणपत्र मीटर तपासलं त्या दिवसाचं असतं, आणि नंतर पाइपात क्षार आणि गाळ साचत जातो.

तपासा: टोटलायझरचा आकडा कधी शून्यावर आला का? मीटर बदललं का? मीटर बंद असलेल्या दिवसांसाठी कोणता आकडा धरला, हे लॉगबुकात आहे का?

टप्पा ३: नमुना कसा घेतला तेही तपासा

प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला की लोक आकडा उचलतात आणि पुढे जातात. आधी नमुन्याची तारीख पाहा, मग ती उत्पादनाच्या यादीवर ठेवा. वर्षातले सगळे नमुने एकाच हलक्या उत्पादनाच्या काळातले असतील तर त्यांची सरासरी वर्षाची सरासरी नाही. जड सांडपाण्याचं उत्पादन चालू असताना नमुना घेतलाच नसेल, तर पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकात तो आत्ताच टाका आणि यंदाच्या फॉर्ममध्ये ही मर्यादा लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट नमुन्याचा प्रकार. सीओडी (सांडपाण्यातले पदार्थ रासायनिक रीतीने ऑक्सिडाइज करायला लागणारा ऑक्सिजन), धातू, क्षार यांच्यासाठी दिवसभर थोडा थोडा घेऊन एकत्र केलेला संमिश्र नमुना चांगला. पण पीएच, तेल-ग्रीस, सायनाइड आणि उडून जाणारी सॉल्व्हंट्स (द्रावकं) यांचा नमुना एकदाच, जागेवर आणि योग्य बाटलीत घ्यावा लागतो. सॉल्व्हंटचा नमुना बादलीत जमवून दिवसभर ढवळला तर जे मोजायचं तेच उडून जातं.

तिसरी गोष्ट जतन, आणि इथेच कोकणाची खरी अडचण आहे. लोटे किंवा महाडमधून नमुना ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या प्रयोगशाळेला जातो तो मुंबई-गोवा महामार्गावरून. पावसाळ्यात घाटात दरड आली किंवा पळस्प्यापर्यंत कोंडी झाली की सकाळचा नमुना दुसऱ्या दिवशी पोचतो. बीओडीचा (जीवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचा) नमुना बर्फात ठेवून २४ तासांत लावायला हवा. सीओडीसाठी नमुना सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणला तर तो बरेच दिवस टिकतो. धातूंसाठी नायट्रिक आम्ल, सायनाइडसाठी सोडियम हायड्रॉक्साइड टाकून पीएच १२ च्या वर. षट्संयुजी क्रोमियमला वेळ फार कमी मिळतो. म्हणून आम्ल टाकलेल्या आणि न टाकलेल्या बाटल्यांवर वेगळी लेबलं हवीत, आणि नमुना घेतल्याची वेळ व प्रयोगशाळेत पोचल्याची वेळ दोन्ही अहवालावर हव्यात. अहवालावर पोचल्याची वेळ नसेल तर मागून घ्या.

खारट सांडपाण्याचा एक खास सापळा आहे. सीओडीच्या चाचणीत क्लोराइड स्वतःच ऑक्सिडाइज होतं आणि आकडा फुगवतं. मर्क्युरिक सल्फेट टाकून ते रोखतात, पण क्लोराइड २,००० मि.ग्रॅ./लिटरच्या वर गेलं की नेहमीची पद्धत भरवशाची राहत नाही. रंग आणि इंटरमिजिएटच्या कारखान्यांत मिठाने उत्पादन खाली बसवतात, तिथे क्लोराइड याच्या कितीतरी पट असतं. अशा नमुन्याचा सीओडी नेहमीच्या पद्धतीने काढलेला असेल तर प्रयोगशाळेला विचारा: क्लोराइड किती होतं आणि पातळ करून तपासलं का? खाडीत भरतीच्या वेळी घेतलेल्या नमुन्यालाही हेच लागू.

इशारा: पारा वापरलेल्या सीओडीच्या बाटल्यांतलं पाणी ईटीपीत ओतू नका. तो पारा तुमच्याच गाळात जातो आणि तुमच्याच फॉर्ममध्ये उगवतो.

टप्पा ४: सांडपाण्यातला भार, पावसाळा वेगळा काढून

फॉर्मच्या भाग ‘क’ मध्ये दोन वेगळे रकाने आहेत: प्रदूषकाचं प्रमाण (प्रति लिटर किती) आणि प्रदूषकाची मात्रा (दिवसाला किती वजन). दुसऱ्या रकान्यात पहिल्याचाच आकडा टाकणारे फॉर्म आजही सापडतात. हिशेब सोपा आहे. मि.ग्रॅ./लिटर गुणिले दिवसाचे घनमीटर भागिले १,०००, म्हणजे किलो प्रतिदिन. सीओडी २२० आणि प्रवाह ८५ घनमीटर, तर १८.७ किलो.

अवघड भाग वर्षाची सरासरी काढण्यात आहे, आणि कोकणात तो पावसामुळे अवघड होतो. जून ते सप्टेंबर अंगणातलं, छपरावरचं आणि उघड्या टाक्यांत पडलेलं पाणी ईटीपीत शिरतं. प्रवाह वाढतो, प्रमाण खाली येतं, पण प्रदूषकाचं वजन जवळजवळ तेवढंच राहतं. उदाहरण घ्या. आठ महिने प्रवाह ६० घनमीटर आणि सीओडी २४०, म्हणजे १४.४ किलो. पावसाळ्याचे चार महिने प्रवाह १४० आणि सीओडी ११०, म्हणजे १५.४ किलो. महिन्यांच्या प्रमाणात सरासरी काढली तर १४.७ किलो प्रतिदिन येतात. आता बहुतेक जण काय करतात? प्रवाहाची सरासरी ८६.७, सीओडीची सरासरी १९६.७, आणि दोघांचा गुणाकार १७ किलो. आकडा १६ टक्क्यांनी चुकला. इथे तो तुमच्याविरुद्ध फुगला. पण जिथे जड उत्पादनाच्या काळातच प्रवाहही जास्त असतो तिथे हीच पद्धत आकडा लपवते. म्हणून प्रत्येक महिन्याचा भार आधी काढा आणि मग त्या भारांची सरासरी घ्या. सरासऱ्यांचा गुणाकार कधीही करू नका.

दुसरा प्रश्न ‘दिवस’ म्हणजे कोणता. कारखाना वर्षात ३०० दिवस चालत असेल आणि तुम्ही ३६५ ने भागलं, तर दिवसाचा आकडा जवळजवळ १८ टक्क्यांनी कमी दिसतो. कोणत्या दिवसांनी भागलं ते आकड्याच्या शेजारी लिहा आणि दरवर्षी तीच पद्धत ठेवा.

‘आढळले नाही’ असा शेरा आला की शून्य लिहायची सवयही मोडायला हवी. फिनॉलची शोध मर्यादा, म्हणजे चाचणीला दिसू शकणारं सगळ्यात कमी प्रमाण, ०.१ मि.ग्रॅ./लिटर असेल आणि प्रवाह २०० घनमीटर, तर दिवसाला २० ग्रॅमपर्यंत फिनॉल जात असूनही अहवाल ‘आढळले नाही’ म्हणेल. ३०० दिवसांचे सहा किलो. फिनॉल कारखान्यात वापरातच नसेल आणि प्रक्रियेत तयारही होत नसेल तर शून्य योग्य. वापरात असेल तर शोध मर्यादेची निम्मी किंमत धरा आणि तसं लिहा.

मर्यादेपासून किती टक्के फरक आहे, त्या रकान्यात ‘मर्यादेत’ असं लिहिणं पुरेसं नाही. मर्यादा २५० आणि तुमचा सीओडी २२० असेल तर उणे १२ टक्के. मर्यादा ओलांडली असेल तर अधिकचं चिन्ह आणि कारण, दोन्ही.

आणि पाणी कुठे जातं ते स्पष्ट लिहा. सीईटीपीला (वसाहतीच्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) पाठवलेलं सांडपाणी हा थेट विसर्ग नाही. ते पुढे प्रक्रिया होऊन धाटावचं कुंडलिकेकडे, महाडचं सावित्रीकडे, लोट्याचं दाभोळ खाडीकडे जातं. सदस्य कारखान्याने सीईटीपीला देताना आउटलेटवर मोजलेला आकडा द्यायचा, सीईटीपीच्या शेवटच्या टोकाचा नाही. टँकरने पाठवत असाल तर फेऱ्यांची नोंद आणि सीईटीपीची पावती एकमेकांशी लावा.

तपासा: ऑनलाइन मॉनिटर असेल तर त्याचा आलेख तासावार उघडा. तासन् तास एकच आकडा दिसला तर सेन्सर अडकला आहे. आकडा एका उंचीवर जाऊन सपाट होत असेल तर उपकरणाची रेंजच संपली आहे आणि खरा आकडा त्याच्या वर आहे. अशा तासांची सरासरी फॉर्ममध्ये टाकू नका.

टप्पा ५: सॉल्व्हंटचा मटेरियल बॅलन्स

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण हवेत उडणारं सॉल्व्हंट कुठल्याच मीटरमधून जात नाही. संमतीपत्रात घटक म्हणून नाव नसेल तर फॉर्म ५ ते विचारतही नाही. तरीही बॅलन्स, म्हणजे आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या मालाचा ताळा, करा आणि निष्कर्ष भाग ‘आय’ मध्ये, म्हणजे इतर माहितीच्या रकान्यात द्या. गावात वास येतो तो बहुधा याच मालाचा, आणि विवरणात त्याचं नावच नसेल तर बाकीच्या आकड्यांवरही कोणाचा विश्वास बसत नाही.

क्रम असा ठेवा.

(१) एकच एकक ठरवा. खरेदी किलोत, वापर लिटरमध्ये, साठा टाकीच्या डिपरॉडच्या सेंटिमीटरमध्ये असतो. सगळं किलोत आणा. टोल्युइनचा एक लिटर सुमारे ०.८७ किलो, मिथेनॉलचा ०.७९, मिथिलीन डायक्लोराइडचा १.३३. मिथिलीन डायक्लोराइडचे हजार लिटर हजार किलो धरले की ३३० किलो कागदावरून नाहीसे होतात.

(२) वर्षाचा निव्वळ वापर काढा. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा. टोल्युइनचं उदाहरण घेऊ: १८ अधिक १४२ वजा २१, म्हणजे १३९ टन. रिकव्हरी करून पुन्हा वापरलेलं टोल्युइन यात मिळवायचं नाही. ते कारखान्याच्या आतच फिरतं. ते मिळवलं की वापरही फुगतो आणि तोटाही.

(३) बाहेर गेलेलं मोजा. अधिकृत रिसायकलरला दिलेलं ११० टन सॉल्व्हंट, त्यात टोल्युइन ९२ टक्के, म्हणजे १०१.२ टन. डिस्टिलेशनचा गाळ ३० टन, त्यात २० टक्के, म्हणजे ६ टन. ईटीपीकडे गेलेलं १२,००० घनमीटर पाणी, त्यात १५० मि.ग्रॅ./लिटर, म्हणजे १.८ टन. एकूण १०९ टन.

(४) उरलेले ३० टन हवेत गेले.

हा आकडा पाहून पहिल्यांदा सगळे दचकतात. व्हेंटच्या (वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) मोजणीत चार टन दिसतात आणि बॅलन्स तीस सांगतो. अशा वेळी तीस पुसून चार लिहायचा मोह होतो. आधी तीस खरा आहे का ते पाहा. बॅलन्समधला उरलेला आकडा हा दोन मोठ्या आकड्यांतला लहान फरक असतो, त्यामुळे मोठ्या आकड्यांतली छोटी चूकही त्यात मोठी दिसते. रिसायकलरला दिलेल्या मालाची शुद्धता ९२ ऐवजी ९६ टक्के निघाली तर तोटा ३० वरून २५.६ टनांवर येतो. वजनकाट्यातला एक टक्क्याचा फरकही टनभर इकडेतिकडे करतो. म्हणून प्रत्येक टँकरच्या मालाची शुद्धता तपासलेली हवी. ‘नेहमी ९२ च असते’ हे चालणार नाही.

तपासणी करूनही मोठा फरक उरला तर तो ड्रम ओतण्यात, टाकी भरताना, सेंट्रिफ्यूज उघडताना आणि कंडेन्सरच्या गरम पाण्यात आहे. मे महिन्यात चिल्ड वॉटर नीट थंड होत नसेल तर त्या महिन्याचा बॅलन्स वेगळा काढून पाहा. फरक लगेच दिसतो.

ईटीपीत गेलेल्या १.८ टनांचं काय, हा पुढचा प्रश्न. आउटलेटला ५ मि.ग्रॅ./लिटर असेल तर पाण्यातून फक्त ६० किलो बाहेर जातात. उरलेलं थोडं जीवाणू खातात, बरंचसं एरेशन टँकमधून हवेत जातं. ‘ईटीपीने काढून टाकलं’ असं लिहून ते हिशेबातून गायब करू नका. आणि तेच टोल्युइन पाण्याच्या आणि हवेच्या अशा दोन्ही रकान्यांत मोजूही नका.

इशारा: साठ्याची मोजणी ३१ मार्चलाच करा. ५ एप्रिलला मोजून मागे नेलेला आकडा चार बॅचच्या वापराने चुकलेला असतो. परवान्यातल्या टाकीच्या क्षमतेपेक्षा साठा जास्त दिसत असेल तर एकक चुकलं आहे किंवा त्याहून गंभीर काहीतरी आहे.

टप्पा ६: चिमणी

चिमणीच्या अहवालात प्रमाण ‘सामान्य घनमीटर’मागे असतं, म्हणजे २५ अंश सेल्सिअस, ७६० मि.मी. पारा, कोरडी हवा. प्रवाहही त्याच स्थितीला आणून मगच गुणा. १६० अंशांवरचा १०,००० घनमीटर प्रतितास प्रवाह २५ अंशांना सुमारे ६,९०० होतो, ओलावा वजा करण्याच्या आधीच. धूलिकण ९० मि.ग्रॅ. असतील तर ताशी ०.६२ किलो. गरम प्रवाह तसाच धरला तर ०.९० किलो.

मग चालू तास. दिवसाला १६ तास, ३०० दिवस चालणाऱ्या बॉयलरचे ४,८०० तास होतात, म्हणजे सुमारे तीन टन. वर्षाचे सगळे ८,७६० तास धरले की साडेपाच टन होतात. आपल्याकडे पावसात वीज जाते तेव्हा जनरेटरचे तासही वाढतात. तेही त्याच्या अवर मीटरवरून घ्या, डिझेलच्या बिलावरून ताडा.

स्क्रबरच्या (वायू धुऊन सोडणाऱ्या यंत्राच्या) व्हेंटचा नमुना बॅच चार्ज होत असताना घ्या. रिॲक्टर थंड असताना घेतलेल्या नमुन्याला काही अर्थ नाही.

टप्पा ७: धोकादायक कचरा

‘तयार झाला’ आणि ‘पाठवला’ हे दोन वेगळे आकडे आहेत. सुरुवातीचा साठा अधिक तयार झालेला वजा पाठवलेला, उत्तर शेवटच्या साठ्याएवढं यायलाच हवं. ९० दिवसांच्या साठवण मर्यादेमुळे शेवटचा साठा थोडा असतो, शून्य क्वचित असतो. फॉर्म ४ जूनमध्ये गेलेला आहे, म्हणून फॉर्म ५ च्या भाग ‘ड’ मध्ये तेच आकडे यायला हवेत. फरक असेल तर आधी फॉर्म ४ का चुकला ते पाहा.

ईटीपीच्या गाळाचं (वर्ग ३५.३) वजन कोकणात पावसाळ्यात फसवतं. स्लज ड्राइंग बेड सुकत नाहीत. दहा टन कोरडा गाळ ५० टक्के ओलाव्याला २० टन भरतो, ७५ टक्क्यांना ४० टन. पाठवलेलं ओलं वजन लिहा, पण ओलाव्याची टक्केवारीही लिहा, नाहीतर दोन वर्षांची तुलना करणारा वाचक उगाच निष्कर्ष काढेल. दूषित ड्रम (वर्ग ३३.१) नगांत मोजले असतील तर टनांत आणताना रिकाम्या ड्रमचं वजन एकदा काट्यावर घ्या.

तपासा: मॅनिफेस्टवरचं तुमचं वजन आणि तळोज्याच्या किंवा दुसऱ्या सुविधेच्या काट्यावरचं वजन जुळतं का? फरक असेल तर कोणतं धरलं, हे एका ओळीत नोंदवा.

टप्पा ८: आकड्याची वंशावळ

प्रत्येक आकड्यासाठी एका ओळीचं टिपण ठेवा: कुठून आला, कोणत्या काळातला, किती नमुन्यांवरून, कोणी काढला. अमेरिकेच्या टॉक्सिक्स रिलीज इन्व्हेंटरीत प्रत्येक विसर्गाच्या आकड्यापुढे तो प्रत्यक्ष मोजला, मटेरियल बॅलन्सवरून काढला, उत्सर्जन गुणकावरून (प्रति एकक कामामागे ठरलेल्या उत्सर्जनावरून) काढला की अभियांत्रिकी अंदाज आहे, याचं सांकेतिक अक्षर द्यावं लागतं. आपला फॉर्म ते मागत नाही, पण चार अक्षरांची ही सवय फुकट आहे. मोजलेल्याला ‘मो’, बॅलन्सला ‘बॅ’, गुणकाला ‘गु’, अंदाजाला ‘अं’. वर्षभराच्या फॉर्ममध्ये ‘अं’ कुठे जास्त येतात ते पाहिलं की पुढच्या वर्षी मीटर कुठे बसवायचं तेही कळतं.

दशांशांचा अतिरेक करू नका. अंदाजावरचा आकडा १४.७३३ असा लिहिला की तो मोजल्यासारखा दिसतो. दोन अर्थपूर्ण अंक पुरतात.

बायपास, गळती, आग, पुरात वाहून गेलेले ड्रम अशा एकवेळच्या घटना नेहमीच्या सरासरीत मिसळू नका. २२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूणमध्ये पाणी कुठवर चढलं हे इथे सगळ्यांना माहीत आहे. अशा दिवशी सखल भागातल्या गोदामातून काय गेलं याची नोंद त्याच आठवड्यात करावी लागते, सप्टेंबरमध्ये ते आठवत नाही. तारीख, पदार्थ, अंदाजे वजन आणि कुठे गेलं, एवढं भाग ‘आय’ मध्ये द्या.

टप्पा ९: सहीच्या आधीची उलटतपासणी

ज्याने आकडे काढले त्याने तपासू नये. उत्पादन विभागातला कोणीतरी घ्या, त्याला फॉर्म द्या आणि एवढंच विचारायला सांगा:

- प्रतिटन उत्पादनामागे पाणी, सीओडी आणि गाळ गेल्या वर्षीच्या तुलनेत किती बदललं? २० टक्क्यांहून जास्त बदलासाठी कारण सांगता येतं का?
- उत्पादन वाढलं आणि कचरा घटला, हे एकाच वेळी का झालं?
- एखादा आकडा गेल्या वर्षीइतकाच, दशांशापर्यंत सारखा आहे का?
- फॉर्म ४, सहामाही अहवाल आणि संकेतस्थळावरची जुनी प्रत यांच्याशी विसंगती आहे का?
- ‘शून्य विसर्ग’ लिहिलं असेल तर पाणी आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरमधलं मीठ कचऱ्याच्या रकान्यात आहे का?

२० टक्के हा माझा ठोकताळा आहे, कायद्यातला नियम नाही. छोट्या कारखान्यात तो तीस ठेवा, पण काहीतरी ठेवा. आणि सही करणाऱ्याला फॉर्मबरोबर टप्पा ८ चं टिपणही समोर ठेवा. तो न वाचता सही करणार असेल तर निदान त्याच्यासमोर होतं, एवढं तरी लेखी राहील.

टप्पा १०: फॉर्म गेल्यावर चूक सापडली तर

ती सापडतेच, बहुधा ऑक्टोबरमध्ये, कोणाला तरी दुसऱ्याच कामासाठी आकडा लागतो तेव्हा. पुढच्या वर्षी गुपचूप दुरुस्त करू नका. दोन वर्षांच्या आकड्यांतली उडी त्यामुळे आणखी संशयास्पद दिसते. उप-प्रादेशिक अधिकाऱ्याला पत्र द्या: कोणता रकाना, जुना आकडा, नवा आकडा, कारण, आणि आधाराची प्रत. पत्राची पोच घ्या. संकेतस्थळावरची प्रत बदला, पण जुनी काढून टाकू नका. नव्या प्रतीवर ‘सुधारित’ असं आणि तारीख टाका. त्याच आकड्यावर फॉर्म ४ किंवा सहामाही अहवाल बेतलेला असेल तर तिथेही हेच करा. मग टप्पा १ च्या फोल्डरमध्ये ते पत्र ठेवा, म्हणजे पुढच्या एप्रिलला फाइल उघडणाऱ्या नव्या माणसाला जुना आकडा कुठे आणि का बदलला ते पहिल्याच पानावर दिसेल.